अंगण वाकडं नव्हतंच

'मेमरीज ऑफ द सोर्ड' हा २०१५ सालचा कोरियन तलवारपट सणकून आपटला. तरी आजही चाहते सांगत फिरतात की सिनेमा अप्रतिमच होता, त्याला बुडवलं ते नायक ली ब्युंग-हुनच्या भानगडीनं, ऑगस्टमधल्या गर्दीनं आणि 'वूशिया' (हवेत उडत लढणाऱ्या तलवारबाजांचा चिनी धाटणीचा प्रकार) न कळणाऱ्या प्रेक्षकानं. मी तो दोनदा पाहिलाय. दुसऱ्यांदा मुद्दाम, पहिल्या वेळी काही निसटलं असेल या शंकेनं. काही निसटलं नव्हतं.

आधी भानगड. २०१४ मध्ये ली ब्युंग-हुनला ब्लॅकमेल करून पैसे मागितल्याचं प्रकरण कोर्टात गेलं, लोकांचा राग मात्र त्याच्यावरच निघाला आणि सिनेमा लांबला. इथवर खरं. पण १३ ऑगस्टला हा सिनेमा लागला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात याच नटाचा 'इनसाइड मेन' आला. फक्त प्रौढांसाठी असूनही त्याची ७० लाखांवर तिकिटं गेली. आपल्या तलवारपटाची साडेचार लाखही नाहीत. तीन महिन्यांत अख्ख्या देशाचा राग निवळला, असं मानायचं असेल तर माना बापडे.

गर्दीचं म्हणाल तर होतीच. 'असॅसिनेशन' आणि 'व्हेटरन', दोन्ही सिनेमे सव्वा कोटी तिकिटांच्या पुढे गेले. पण मग लोक थिएटरात येत होते ना?

'प्रेक्षकाला कळलं नाही' हे तर मला उद्धटपणाचंच वाटतं. १७९० मध्ये राजाज्ञेनं 'मुयेदोबोतोंगजी' हा युद्धकलांचा सचित्र ग्रंथ तयार झाला तो याच देशात. आणि २०११ मध्ये 'वॉर ऑफ द ॲरोज' या ऐतिहासिक धनुर्धरपटाला ७० लाखांवर लोक गेले. त्यात पळवून नेलेल्या बहिणीसाठी भाऊ शत्रूच्या मागे लागतो. भात्यात बाण मोजकेच, म्हणून सुटणाऱ्या प्रत्येक बाणाला किंमत आहे.

इथे नेमकी तीच नाही. सुरुवातीलाच किम गो-उनची हाँग-ई सूर्यफुलांच्या शेतातून धावत येते आणि माणसाहून उंच फुलावरून अलगद उडी मारते. चित्र सुंदर, वादच नाही. (कथा कोरियातल्या जुन्या गोर्यो राज्याच्या काळातली. ते राज्य १३९२ ला संपलं आणि सूर्यफूल मूळचं अमेरिकेतलं, म्हणजे कोलंबसाच्या आधी शंभर वर्षं ही फुलं कोरियात डोलतायत. असो.) खरी अडचण अशी की ही उडी तिला पहिल्या पाच मिनिटांतच जमून जाते. पुढे अंगाला बांधलेल्या वायरवर सगळेच उडतात, मग कोण पडेल याची धाकधूक वाटणार कशी?

गोष्टीचं बीज मात्र जबरदस्त आहे. सोल-रांग आणि यू-बेक (ली ब्युंग-हुन) आपल्याच साथीदाराशी दगा करतात. पुढे आंधळी झालेली सोल-रांग हाँग-ईला वाढवते ती सूड घ्यायला, आणि त्या सुडाच्या यादीत तिचं स्वतःचंही नाव आहे. पण ज्या प्रेमातून आणि दग्यातून हे सगळं निघालं, ते फ्लॅशबॅकच्या तुकड्यांत उरकलंय. सोल-रांग झालेली जॉन दो-यॉन ही कान चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरलेली बाई, तिला बराच वेळ नुसतं दुःखी दिसायला लावलंय. पार्श्वभूमीही वाया घालवली. गोर्योत ११७० पासून शंभर वर्षं सेनानींची सत्ता होती. यी उई-मिन हा गुलाम आईचा मुलगा तेव्हा राज्याचा कर्ताधर्ता झाला. हलक्या कुळातून वर आलेला यू-बेक त्याच मातीतला, पण ती माती पडद्यावर दिसतच नाही.

एक प्रसंग मात्र मी दोन्ही वेळा श्वास रोखून पाहिला. यू-बेकसमोर तलवारबाजीचे सामने चाललेत. हाँग-ई तोंड झाकून मध्येच उतरते. तिचे हात फिरताना बघून त्याला ते कुणी शिकवलेत हे कळतं, आणि ली ब्युंग-हुन फक्त डोळ्यांनी तो ओळखीचा धक्का दाखवतो. मग पुन्हा वायर सुरू.