ग्रीक पुतळे कोरे पांढरे नव्हते

प्राचीन ग्रीक-रोमन शिल्पांच्या फोटोंसोबत एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय: ‘ग्रीक शिल्पकारांनी संगमरवर मुद्दाम पांढरा ठेवला. रंग डोळ्यांना भुलवतो, निखळ आकार मनाला भिडतो, हे त्यांना कळलं होतं.’ वाचायला छान आहे, पण खरं नाही. हे पुतळे रंगवले जात. ओठ, डोळे, केस, वस्त्रांच्या किनारीसुद्धा.

‘मग रंग दिसत का नाही?’ असा पहिला सवाल येतो. पुष्कळदा दिसतो. अथेन्सच्या अक्रोपोलिस संग्रहालयातल्या ‘पेप्लोस कोरे’ नावाच्या तरुणीच्या पुतळ्याच्या (इ.स.पू. ५३० च्या सुमाराचा) केसांत आणि ओठांवर तांबडा रंग अजून टिकून आहे. १८८७ मध्ये लेबनॉनमधल्या सिदोनला सापडलेल्या आणि आता इस्तंबूलमध्ये असलेल्या ‘अलेक्झांडर शवपेटी’वरच्या सैनिकांच्या कपड्यांवरही रंग आहेत. डोळे हरतात तिथे कॅमेरा कामाला येतो. ‘इजिप्शियन ब्लू’ हा तांब्यापासून बनवलेला निळा रंग साध्या प्रकाशात न्हाऊन अवरक्त (डोळ्यांना न दिसणारे, इन्फ्रारेड) किरण बाहेर टाकतो. त्यामुळे अवरक्त कॅमेऱ्यात दगड काळा आणि रंगाचे उरलेसुरले कण पांढरेशुभ्र चमकताना दिसतात. २००९ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये याच पद्धतीने अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिरावरच्या आयरिस देवतेच्या पुतळ्याच्या कमरपट्ट्यावर निळा रंग सापडला.

हा रंग नंतरच्या कुणीतरी फासला असेल, असंही म्हणतात. पण त्या काळचे लोकच वेगळं सांगतात. ग्रीक नाटककार युरिपिडीसच्या इ.स.पू. ४१२ च्या नाटकात सौंदर्यासाठी प्रसिद्ध असलेली हेलन म्हणते, पुतळ्यावरचा रंग पुसावा तसं माझं रूप पुसलं गेलं असतं तर बरं झालं असतं. कोरे पुतळे पाहणाऱ्या प्रेक्षकांना ही उपमा कळलीच नसती. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये दक्षिण इटलीतलं, इ.स.पू. चौथ्या शतकातलं एक मातीचं भांडं आहे. त्यावर एक कारागीर ग्रीक पुराणातला वीर हेराक्लीसच्या पुतळ्याचं सिंहचर्म रंगवतोय, मदतनीस पोरगा शेगडीत सळया तापवतोय (मेणात कालवलेल्या रंगासाठी उष्णता लागे) आणि खुद्द हेराक्लीस आपला पुतळा बघायला आलाय! रोमन लेखक प्लिनीने नोंदवलंय की ग्रीक शिल्पकार प्राक्सितेलीसला त्याच्या आवडत्या पुतळ्यांबद्दल विचारलं, तेव्हा ज्यांना चित्रकार निकियासचा हात लागला तेच, असं तो म्हणाला. ‘पांढरं सौंदर्य’ म्हणून मिरवताना आपण निकियाससारख्यांचं श्रेयच खोडून टाकतो, आणि या दाव्यातलं मला सर्वांत खटकतं ते हेच.

रंग गेला कुठे? बराचसा ऊन, पाऊस आणि मातीने खाल्ला. काही माणसांनी घालवला: १९३७-३८ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्येच पार्थेनॉनची शिल्पं अधिक पांढरी दिसावीत म्हणून तांब्याच्या हत्यारांनी खरवडली गेली. त्याच्या कितीतरी आधी, प्रबोधनकाळातल्या शिल्पकारांपुढे जमिनीतून निघालेली रंगहीन शिल्पंच होती. १५०६ मध्ये रोममध्ये ‘लाओकून’ हे प्रसिद्ध शिल्प सापडलं, तेही तसंच. त्यांनी तो पांढरेपणा आदर्श मानला आणि १७६४ मध्ये जर्मन कला-इतिहासकार विंकेलमानने त्याला सिद्धांताचं बळ दिलं. पॉम्पेईत सापडलेली आर्टेमिस देवतेची रंगीत मूर्ती त्याला ठाऊक असूनही!

एका आक्षेपात मात्र तथ्य आहे. आजच्या रंगीत प्रतिकृती भडक दिसतात. त्यांत बहुधा पुरावा मिळालेले रंगच सपाट भरलेले असतात. वरच्या पातळ छटा आणि मेणाची झिलई काळाच्या ओघात गेली आहे. डेलोस या ग्रीक बेटावरच्या देवळांच्या हिशेबांत मूर्तींना चढवण्यासाठी मेण, तेल आणि गुलाबाचं अत्तर घेतल्याच्या नोंदी आहेत. तेव्हा भडकपणाची तक्रार प्रतिकृती बनवणाऱ्यांकडे करावी. मूळ पुतळे कोरे होते, असं त्यातून सिद्ध होत नाही.