खो एकाचा, चेक दुसऱ्याला

गोल्फ क्लब मैदानाबाहेरच्या कट्ट्यावर काल नाना आणि पक्या यांचं चांगलंच जुंपलं. नाना नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेले. जन्मभर नोटा बघितल्यामुळे कोटी-बिटी ऐकून त्यांची पापणी लवत नाही. पक्या शाळेत खो-खो खेळायचा. सूर मारताना फुटलेला गुडघा अजून पँट वर करून दाखवतो.

विषय पहिल्या खो-खो विश्वचषकाचा. १९ जानेवारी २०२५ ला दिल्लीत आपल्या पोरांनी आणि पोरींनी, दोघांनीही नेपाळला हरवून कप आणला. दोन्ही कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे. राज्य सरकारनं महाराष्ट्राच्या खेळाडूंना प्रत्येकी सव्वादोन कोटी जाहीर केले, वर सरकारी नोकरी.

"उशिरा का होईना, मातीतल्या खेळाला मान मिळाला," नाना म्हणाले.

"त्याच दोन संघांत कर्नाटकचे एम. के. गौतम आणि चैत्रा होते. त्यांना त्यांच्या सरकारनं किती दिले? ५ लाख. दोघांनीही नाकारले. एकच कप नाना, आणि पंचेचाळीस पट फरक!"

"मग ते त्यांच्या मुख्यमंत्र्यांना विचार. आपल्या तिजोरीतले पैसे आपल्या पोरांना. चुकलं काय?"

इथवर नाना पुढे होते. पण पक्यानं पत्ता राखून ठेवला होता. "२०२४ ला टी-ट्वेंटीचा वर्ल्ड कप आला तेव्हा विधानभवनात सत्कार झाला. ११ कोटी अख्ख्या टीमला जाहीर झाले. तेव्हा कोण कुठल्या गावचा ते नाही विचारलं कुणी! आणि क्रिकेट बोर्डानं आधीच १२५ कोटी दिले होते. भरल्या ताटात वाढायला राज्याची हद्द आडवी येत नाही का?"

नानांनी चहा हलवला. साखर केव्हाच विरघळली होती.

बाळ्या मध्येच ८३ च्या क्रिकेट वर्ल्ड कपवर घसरला. तेव्हा बोर्डाकडेच पैसे नव्हते, लताबाईंनी दिल्लीत कार्यक्रम केला, त्यातून प्रत्येक खेळाडूला १ लाख मिळाले वगैरे. हे त्यानं आम्हाला निदान दहा वेळा सांगितलंय.

"ते राहू दे रे," पक्या म्हणाला. "खो-खोत एकटा धावून गडी बाद होत नाही. पाटीवर बसलेला पाठीत खो मिळेपर्यंत हलू शकत नाही. खो देणारा पुण्याचा, उठून गडी मारणारा बेंगळुरूचा. मग बाद कुणी केला? पैसे वाटताना मात्र आधार कार्ड बघायचं."

मला स्वतःला चेकपेक्षा नोकरी मोठी वाटते. खो-खोवाल्याला क्रिकेटरसारख्या जाहिराती मिळत नाहीत. तिशीत गुडघे बोलायला लागले की महिन्याचा पगारच कामाला येतो. आणि ती नोकरी राज्याची, म्हणजे ती राज्यापुरतीच राहणार, हेही मला कळतं. मी तसं बोललो, तर दोघंही माझ्यावरच उलटले.

"म्हणजे गौतमला सव्वादोन कोटी आपण द्यायचे?" नानांनी विचारलं.

"केंद्रानं द्यावेत. जर्सीवर इंडिया लिहिलं होतं ना? मग सगळ्यांना सारखे, राखीव खेळाडूसकट."

"आणि केंद्राचे पैसे कुठून येतात? आपल्याच खिशातून ना?"

"मग तर भांडणच मिटलं," पक्या उठत म्हणाला. चहाचे पैसे नानांनी दिले, पण फक्त स्वतःच्या कपाचे.