सोसायटीतल्या ऊर्जातज्ज्ञांसाठी

देशाच्या ऊर्जासुरक्षेचा भार आता तुमच्या खांद्यावर आहे. घाबरू नका, करायचं काहीच नाही, नुसतं बोलायचं आहे.

सुरुवात होर्मुझपासून करा. आखातातलं तेल जिथून जहाजाने बाहेर पडतं, ती इराण आणि ओमान यांच्यामधली ही चिंचोळी सामुद्रधुनी सोसायटीच्या सभेत फार उपयोगी पडते. कुणी गळक्या टाकीचा विषय काढला की सावकाश म्हणायचं, ‘‘आणि उद्या होर्मुझ बंद झाली तर?’’ सभा गप्प. त्या शांततेतच सोडून द्यायचं की, भारत ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो. मग रशिया. २०२२च्या युद्धाआधी आपण तिथून जेमतेम दोन टक्के तेल घेत होतो, पुढे ते एक तृतीयांशाच्या वर गेलं. हे सांगताना सूर ‘कसं दाखवून दिलं!’ असा हवा. कुणाला, ते कुणी विचारत नाही. मग आपल्या पंपावर पेट्रोल का नाही उतरलं, असं एखाद्या आगाऊ भाडेकरूने विचारलंच, तर भाडेकरूला सभेत बोलायचा अधिकार नसतो, हे त्याला सांगा.

विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूरच्या भूमिगत गुहांचा उल्लेख अभिमानाने करा. त्यात ५३.३ लाख टन कच्चं तेल मावतं. हे तेल देशाला साधारण साडेनऊ दिवस पुरेल, हा तपशील मात्र गिळा. तुमच्या घरात तूरडाळसुद्धा महिन्याची भरलेली असते.

जवळच्या गोष्टींबाबत जपून राहा. जैतापूरला प्रत्येकी १,७३० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्या व्हायलाच हव्यात, असं ठणकावून सांगा. कोकणातली माणसं विकासाला आडवी येतात, हेही जोडा. (गावचं घर राजापूर तालुक्यात असेल तर तुमचा विरोध आहे. निदान मे महिन्यात.) मुंबईतच, माहुलला १९५०च्या दशकापासून तेलशुद्धीकरण चालू आहे. प्रकल्पग्रस्त म्हणून तिथे नेऊन टाकलेल्यांनी हवेबद्दल तक्रार केली, तर पार्ल्याच्या खिडकीतून म्हणायचं, ‘‘देशासाठी थोडं सोसावं लागतं.’’

१२ ऑक्टोबर २०२०च्या सकाळी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. बाहेरचं ग्रिड कोसळलं तरी मुंबई अलग काढून चालू ठेवायची ‘आयलँडिंग’ व्यवस्था इथे आहे. ती नेमकी त्या दिवशी कामी आली नाही. ‘घातपात’ म्हणून मोकळे व्हा. उपकेंद्रं, पारेषण वाहिन्या, देखभाल असल्या रटाळ विषयांत शिरलात, तर चहा येईपर्यंत निम्मे सभासद उठून जातात.

खरी कसोटी गच्चीवर सोलार बसवायचा ठराव आला की लागते. मागे सांगितलं ते सगळं विसरा. पॅनेलमधले सेल चिनी तर नाहीत ना, हे विचारा. चिनी नाहीत म्हणाले, तर महाग का, ते विचारा. स्लॅब गळेल, सातव्या मजल्यावरच्या काकूंच्या कुरडया वाळणार कुठे, आणि बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली की पॅनेल कुणाचे? एवढ्यावरही ठराव जिवंत राहिला, तर तो उपसमितीकडे सोपवा आणि उपसमितीत काकूंना घ्या.