पारदर्शक विजेटांची चळत लावली की क्यूटी फास्ट होतं? नाही होत

एक सल्ला सध्या जाम फिरतोय: क्यूटीमध्ये (सी++ मध्ये ॲपचा इंटरफेस बनवायची लायब्ररी) कस्टम चार्ट काढायचा तर ग्रिडला एक विजेट (विंडोतला एक स्वतंत्र घटक), रेषेला दुसरं, क्रॉसहेअरला (माउसबरोबर फिरणाऱ्या आडव्या-उभ्या रेषा) तिसरं, सगळी पारदर्शक, एकावर एक ठेवा, म्हणजे क्रॉसहेअर हलला तरी खालचं परत रंगवावं लागत नाही, फ्लिकर (रंगवताना होणारी लुकलुक) जातो, कोडही सुटसुटीत राहतो.

पहिला मुद्दाच चुकलाय आणि बाकीचा डोलारा त्यावरच उभा आहे. एका विंडोतल्या साध्या विजेटांचा बॅकिंग स्टोअर (ज्यावर सगळं रंगवलं जातं ते मेमरीतलं चित्र) एकच असतो, पारदर्शक विजेटाखाली काय होतं ते क्यूटी वेगळं जपून ठेवत नाही, त्यामुळे वरचं अपडेट झालं की तेवढ्या भागासाठी खालच्यांचा पेंटइव्हेंट (विजेट रंगवणारं फंक्शन) येतोच. पटत नसेल तर ग्रिडच्या पेंटइव्हेंटमध्ये एक क्यूडीबग (लॉग छापणारी ओळ) टाका आणि माउस फिरवा. बहुतेक हा सल्ला ब्राउझरवाल्यांकडून आलाय, तिथे प्रत्येक कॅनव्हासचा स्वतःचा बिटमॅप असतो म्हणून चळत लावून खरंच फायदा होतो.

इथे एकच विजेट पुरतं. न बदलणारं सगळं एका क्यूपिक्समॅपमध्ये (मेमरीतल्या चित्रात) रंगवून ठेवायचं, साइज किंवा डेटा बदलला तरच ते परत करायचं, पेंटइव्हेंटमध्ये आधी तो पिक्समॅप आणि त्यावर क्रॉसहेअरच्या दोन रेषा, झालं. माउस हलला की अपडेटला जुनी जागा पण द्यायची आणि नवी पण, जुनी विसरलात तर मागे रेषांचा कचरा राहतो (आणि तो बघून वैतागून लोक परत अख्खं विजेट अपडेट करायला लागतात). पिक्समॅपला डिव्हाइस पिक्सेल रेशो (एका लॉजिकल पिक्सेलच्या रुंदीत स्क्रीनचे खरे पिक्सेल किती) द्या, नाहीतर हायडीपीआय स्क्रीनवर अक्षरं धुरकट दिसतात. मेमरी फुकट नाहीये, १९२०×१०८० ला पिक्सेलमागे ४ बाइट धरले तर साधारण ८ एमबी, रेशो २ असेल तर त्याच्या चौपट, म्हणून उगाच दहा लेयरचे दहा पिक्समॅप नकोत.

फ्लिकरचं म्हणाल तर क्यूटी ४.० पासून, म्हणजे २००५ पासून, विजेटं आपोआप डबल बफर होतात, म्हणजे आधी मेमरीत रंगतात आणि मग स्क्रीनवर येतात. हा मुद्दा अजून कोण काढतं कळत नाही.

राहिला सुटसुटीत कोड. प्रत्येक लेयरला एक फंक्शन लिहा की! चळत लावली तर रिसाइझ झाल्यावर तिन्हींची जागा जुळवत बसा, वरचं विजेट क्लिक खातं म्हणून माउस इव्हेंट आरपार जाऊ देणारा ॲट्रिब्यूट लावत बसा. हां, चार्टवर खरंखुरं बटण किंवा टाइप करायचा बॉक्स हवा असेल तर त्याला वेगळं चाइल्ड विजेटच करा, फोकस आणि कीबोर्ड हाताने सांभाळण्यात काही अर्थ नाही.