गाडी बिघडली का?

आज कर्वे पुतळ्यापासून नारायण पेठेत आईकडे चालत गेले. वाटेत तीन ओळखीच्यांनी स्कूटर थांबवून विचारलं, "गाडी बिघडली का?" तिसऱ्याला म्हटलं, डोकं बिघडलंय. पुण्यात धडधाकट बाई पायी दिसली की एकतर गाडी गॅरेजात, नाहीतर डॉक्टरांनी शुगर काढलेली. तिसरं कारण आपल्याला सुचतच नाही.

मी चालायला बर्लिनमध्ये शिकले. नवऱ्याच्या नोकरीमागे गेले होते, 2016 चा नोव्हेंबर. भाषेचा गंध नाही, दुपारी चार-साडेचारला अंधार. रविवारी दुकानं बंद असतात हे कुणी सांगितलं नव्हतं, पहिला रविवार आईच्या चिवड्यावर काढला. घरात बसले असते तर वेड लागलं असतं, म्हणून रोज निघायचे, वाट फुटेल तिकडे. एका रस्त्यात डांबरात दगडांच्या दोन ओळी बसवलेल्या. कितीतरी दिवस उगाच ओलांडल्या, मग कळलं की बर्लिनची भिंत इथून जायची. जी ओलांडताना 1961 ते 1989 माणसं गोळ्या खाऊन मेली, ती रेघ मी ब्रेडची पिशवी हलवत पार करत होते! घरांपुढे फुटपाथमध्ये दहा सेंटिमीटरचे पितळी चौकोन, त्यांवर नाझींनी त्या घरांतून नेलेल्या माणसांची नावं. वाकून वाचता वाचताच मला जर्मन अक्षरं उलगडायला लागली. तिथे खाली बघायचे ते नावांसाठी. कर्वे रोडला खाली बघते ते चेंबरचं झाकण जागेवर आहे का म्हणून.

आणि ती आजी. ऐंशीच्या पुढची, चाकांचा वॉकर घेऊन सिग्नलला उभी. थंडीने माझा मोबाइल बंद पडलेला, रस्ता चुकलेली, रस्त्यावर एकही गाडी नाही, मी आपली लाल दिव्यात पुणेरी पद्धतीने पलीकडे. मागून केवढ्याने ओरडली, "एस इस्ट रोट!" लाल आहे! पलीकडे उभ्या छोट्या मुलाकडे बोट दाखवत. मला रडूच फुटलं. तर हिरवा झाल्यावर बाई सावकाश आली, माझा चेहरा बघितला, आणि थेट ट्रामच्या थांब्यापर्यंत सोडलं. वाटभर बोलत होती. मला एक अक्षर कळलं नाही.

हो, मान्य, त्याच शहरात शेजारीण दोन वर्षांत "हालो"च्या पुढे गेली नाही. जंगली महाराज रस्त्याचा फुटपाथ चांगला केलाय, तेही मान्य. पुढे?

माझी आई बहात्तरची. रोज सारसबागेपर्यंत चालत जायची. गेल्या वर्षी फुटपाथच्या उखडलेल्या फरशीवर पडली, तेव्हापासून खाली उतरत नाही. आणि ती आजी नोव्हेंबरच्या रात्री वॉकर घेऊन रस्त्यावर, वर मला दरडावणारी! कुठे राग काढायचा सांगा. मेट्रो आली, उत्तम. स्टेशनपासून घरापर्यंत उडत जायचं का?

संध्याकाळी हट्टाने आईला कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत नेलं. माझा दंड घट्ट धरून, एकेक फरशी चाचपत. तेवढ्यात फुटपाथवर मागून बुलेट, वर हॉर्न. मी वळले आणि तोंडातून काय निघावं? "एस इस्ट रोट!"

पोरगा इतका दचकला की गाडी मुकाट रस्त्यावर उतरवली. आई दहा पावलं गप्प. मग हळूच, "काय गं, शिवी दिलीस का त्याला?"