योर्गोस नावाचे सगळे

भाचीला मुलगा झाला. ग्रुपवर नावं सुचवता सुचवता गाडी परत चिन्मय मांडलेकरांवर आली. मुलाचं नाव जहांगीर ठेवलं म्हणून २०२४ मध्ये लोकांनी त्यांना इतकं धारेवर धरलं, की यापुढे शिवाजी महाराजांची भूमिका करणार नाही असं त्यांनी जाहीर करून टाकलं. ‘लोकांचं बरोबरच होतं,’ इति मावसभाऊ. हे गृहस्थ स्वतः पुण्याच्या जहांगीर हॉस्पिटलात जन्मलेत.

इथे ग्रीसमध्ये, अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरात, आमच्या शिपिंग ऑफिसात ‘योर्गो!’ अशी हाक मारली की निम्मी डोकी वर होतात. नातवाला आजोबांचं नाव द्यायची रीत, त्यामुळे चुलतभावंडंही एकाच नावाची. नोबेल मिळवणारा कवी सेफेरिस योर्गोस. २१ एप्रिल १९६७ ला रणगाडे रस्त्यावर आणून लोकशाही गुंडाळणारा कर्नल पापादोपुलोसही योर्गोसच. १९६९ मध्ये या कवीनं त्या कर्नलच्या राजवटीचा उघड निषेध केला, आणि १९७१ मध्ये तो गेला तेव्हा अंत्ययात्रेला अथेन्स लोटलं. कर्नल १९९९ मध्ये जन्मठेप भोगताना मेला. १९४१ मध्ये जर्मनांपुढे शस्त्रं टाकून त्यांच्याच मेहेरबानीनं पंतप्रधान झालेला त्सोलाकोग्लू योर्गोस, आणि ज्याच्या पॅप टेस्टमुळे (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी) जगभरच्या बायका वाचतात तो डॉक्टर पापानिकोलाऊही योर्गोस.

एवढं असून २३ एप्रिलला, संत योर्गोसच्या म्हणजे या नावाच्या सगळ्यांच्या सणाला (ईस्टरआधीच्या उपासात आला तर ईस्टरच्या सोमवारी), समस्त योर्गोस मिठाईचे खोके घेऊन ऑफिसात हजर. खोका उघडताना ‘तू कुठल्या योर्गोसचा?’ असं कोणी विचारत नाही.

मी हे सगळं ग्रुपवर टाकलं. मावसभावानं एका ओळीत निकाल लावला: ‘जर्मनीत अ‍ॅडॉल्फ ठेवतात का?’ मुद्दा बिनतोड नाही, पण अगदी फुसकाही नाही. शिवाय हेच ग्रीक शेजाऱ्यानं मॅसिडोनिया नाव लावलं म्हणून २०१८ पर्यंत भांडत होते. ते मी अर्थातच सांगितलं नाही. त्याऐवजी घरचे दाखले काढले. सूर्याजी पिसाळ फितूर, म्हणून तानाजीचा भाऊ सूर्याजी मालुसरे टाकून द्यायचा? ‘ध’चा ‘मा’ आनंदीबाईंच्या नावावर खपतो, म्हणून १८८६ मध्ये डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशींचं नाव मुलीला ठेवायचं नाही?

‘तुला काय, तू आता तिकडचा,’ हे त्यावरचं उत्तर.

हे मात्र लागलं. कारण माझ्या नावातला ‘ज’ इथल्या जिभांना जमेना, तेव्हा ऑफिसनंच मला योर्गोस करून टाकलं. मीही २३ एप्रिलला खोका नेतो. लाज तर वाटत नाहीच, उलट ‘ख्रोनिया पोल्ला’ (खूप वर्षं जग) म्हणून कोणी पाठ थोपटली की बरं वाटतं. आईला अजून सांगितलेलं नाही. राहण्याचा परवाना वाढवायला जातो तेव्हा खिडकीतला माणूस माझं पूर्ण नाव अडखळत वाचतो, आडनावाशी थांबतो आणि वर बघतो. तिथे मी योर्गोस नसतो.