डीपीला वर्दी हवीच

महापालिका असो की लोकसभा, ग्रुपवरच्या वादात हरायची वेळ आली की काय करावं, हा प्रश्न मुंबईकराला आता पडायला नको. नात्यात एक फौजी शोधून ठेवावा. नात्यात नसेल तर शेजारी, शेजारी नसेल तर गाववाला. लाइटबिल, आधारकार्ड आणि फौजी या तीन गोष्टी ऐनवेळी हाताशी असल्या पाहिजेत.

माझ्या नात्यात आहे. धाकट्या बहिणीचा मुलगा, मराठा लाइट इन्फंट्रीत नाईक. बहीण आमच्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहते. मागच्या महिन्यात आमच्या सभासदांनी या पोराचा इतका पुरेपूर वापर करून घेतला, की ही विद्या एका बिल्डिंगपुरती राहू नये असं मला वाटतं.

तर पहिल्यांदा डीपी. वर्दीतलाच फोटो हवा. साध्या शर्टातल्या माणसाचं मत म्हणजे नुसतं मत, त्याला कोणीही उलटं बोलू शकतो. वर्दीतल्या माणसाला उलटं बोलणारा देशद्रोही ठरतो, त्यामुळे वाद तिथेच संपतो आणि आपण जेवायला मोकळे. स्वतःचा फौजी नसेल तर बर्फात रायफल घेऊन उभा असलेला कुठलाही माणूस चालेल. आमच्या ग्रुपवर सियाचिनचा म्हणून जो फिरतो, त्याच्या बाहीवर रशियाचा झेंडा आहे. झूम कोण करतंय!

सुरुवात ‘फौजी घराण्यातला आहे म्हणून सांगतो’ अशी करावी. पुढे पार्किंगचं भांडण असलं तरी.

नियम मात्र वाचू नका, मूड जातो. घटनेच्या ३३व्या कलमाने सैनिकांच्या मूलभूत हक्कांना मुरड घालायचा अधिकार संसदेला दिलाय. त्यावर १९५०चा आर्मी ॲक्ट, त्याखाली १९५४चे आर्मी रूल्स. नियम २० म्हणतो, राजकीय सभेला जायचं नाही, मोर्चात चालायचं नाही, पक्षाला वर्गणीसुद्धा द्यायची नाही. नियम २१ म्हणतो, केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय राजकीय प्रश्नावर कोणत्याही स्वरूपात काही प्रसिद्ध करायचं नाही. १९५४ साली हे लिहिणाऱ्या बाबूला व्हॉट्सॲपचं स्टेटस कुठून ठाऊक असणार, पण ‘कोणत्याही स्वरूपात’ हे दोन शब्द घालून पठ्ठ्याने पुढच्या सत्तर वर्षांची सोय करून ठेवली. जुलै २०२०मध्ये तर लष्कराने फेसबुक-इन्स्टाग्रामसकट ८९ ॲप्स फोनमधून काढायला सांगितली. कारण माहिती फुटण्याचं होतं, राजकारणाचं नव्हे. एक लेफ्टनंट कर्नल त्याविरुद्ध दिल्ली हायकोर्टात गेले, तिथेही याचिका फेटाळली गेली. एवढं सगळं वाचलं की सुट्टीवर आलेल्या पोराला ‘अरे, तू पण काहीतरी लिही ना’ म्हणताना जीभ अडखळते. म्हणून म्हटलं, वाचू नका.

निवडणूक आयोगाचं टेन्शन नको. जवानांचे फोटो प्रचारात वापरू नका, असं आयोगाने डिसेंबर २०१३मध्ये सांगितलं होतं आणि मार्च २०१९मध्ये परत बजावलं. पण ते पक्षांना. आपण कुठे पक्ष? आपण मित्रमंडळ!

निवृत्त फौजी मिळाला तर आर्मी ॲक्टची कटकट संपते. अडचण एवढीच की त्याला स्वतःचं मत असतं. जनरल करिअप्पा घ्या, पहिले भारतीय लष्करप्रमुख. १९५३ला निवृत्त झाले आणि १९७१ला मुंबईतून लोकसभेला उभे राहिले. वर्दी उतरवून अठरा वर्षं झाल्यावर, स्वतःच्या नावावर, मतदारासमोर. मुंबईने सलाम ठोकला आणि पाडलं. ही फारच जुनाट पद्धत झाली. नवी पद्धत सप्टेंबर २०२०मध्ये कांदिवलीत दिसली. नौदलातून निवृत्त झालेल्या एका ज्येष्ठ माणसाने मुख्यमंत्र्यांवरचं व्यंगचित्र ग्रुपवर फॉरवर्ड केलं, तर त्याला बिल्डिंगखाली बोलावून डोळा सुजेपर्यंत मारलं. फौजी आपल्या बाजूने बोलला तर शूरवीर, पलीकडून बोलला तर म्हातारा.

आता मुख्य कृती.

भाचा सुट्टीवर आला होता. आमच्याकडे पाणी कसं येतं ते मी सांगत बसत नाही, तुम्हीही मुंबईतच राहता. सलग तिसऱ्या रात्री टँकर नाही, लिफ्ट बंद, आणि त्याने आईला हंडा घेऊन तीन जिने चढताना बघितलं. डोकं फिरलं त्याचं. स्टेटसला लिहिलं, ‘नगरसेवक फ्लेक्सवर हसतोय, माझी आई हंडा चढवतेय. या वेळी तरी बदला.’ चूक केली. मामा म्हणून सांगतो, चूकच केली. नाईक झालेल्या माणसाला एवढं कळायला हवं. त्याला मत आहे. लोकसभा-विधानसभेला मतपत्रिका ऑनलाइन येते, तो खूण करतो आणि टपालाने धाडतो. त्याचं राजकारण त्या पाकिटाएवढंच. त्यालाही ते माहीत आहे, कारण अर्ध्या तासात स्टेटस काढून टाकलं.

अर्धा तास पुष्कळ झाला हो. स्क्रीनशॉटला दोन सेकंद लागतात. कोणीतरी तो घेतला. बहिणीच्या हॉलमध्ये त्याचा वर्दीतला फोटो फ्रेम करून लावलाय, आरतीला आलेल्या कोणीतरी तो आधीच टिपून ठेवला असणार. दोन्ही एकत्र चिकटवले, खाली दुसऱ्या उमेदवाराचं चिन्ह टाकलं आणि वर मथळा, ‘सीमेवरून जवानाची हाक!’ सीमेवरून! तो तेव्हा नाक्यावर दुधाची पिशवी आणायला गेला होता.

रात्रीपर्यंत वॉर्डातल्या सगळ्या ग्रुपांवर गेलं. अंगठे, झेंडे, जय हिंद. जी माणसं जिन्यात त्याला ओळखत नव्हती ती ‘आपला वाघ’ म्हणायला लागली. मग समोरची बाजू जागी झाली. त्यांनीही फौजीचा आदर केलाच. नाव काढलं, पलटण शोधली आणि तक्रार पाठवली. सुट्टी संपायच्या आत पोराला बोलावणं आलं. पेशी म्हणजे काय, माहीत आहे? टोपी-पट्टा काढून सीओसाहेबांसमोर, म्हणजे पलटणीच्या मुख्य अधिकाऱ्यासमोर, उभं राहायचं. रेड एंट्री, म्हणजे नोंदीत लाल शाईचा शेरा, लागली तर हवालदारकीची बढती लांबली. बहीण रात्री एक वाजता माझ्याकडे आली, म्हणाली, ‘दादा, त्याची नोकरी राहील ना रे?’ काय सांगू मी तिला?

सकाळी ग्रुप उघडला. ‘हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे.’ उमेदवाराच्या माणसाला फोन केला तर म्हणतो, ‘काका, आमच्या ऑफिशियल पेजवरून नाही गेलेलं ते.’ सेक्रेटरी म्हणाला, सोसायटीचा संबंध नाही. वाघ वगैरे म्हणणारा एकही माणूस तिसरा मजला चढला नाही. लिफ्ट बंद आहे ना.

सूचना संपल्या. आता सरळ बोलतो.

टँकरचा जाब कोणी विचारायचा होता? मी. तुम्ही. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त हेडक्लार्कसाहेबांनी. आपल्याला कोणता नियम २१ लागू आहे? आपल्याला बोलायची मोकळीक आहे आणि आपण ती नगरसेवकाच्या वाढदिवसाला त्याच्या शेजारी दात काढून उभं राहण्यात घालवतो. त्याच्या तोंडावर विचारायची धमक नाही, म्हणून ज्याला बोलायची मनाई आहे त्या पोराला पुढे ढकलता? आणि धडधडीत खोटं लिहून? लाज वाटत नाही? मला वाटते. मीही तो फोटो आल्या आल्या अंगठा दिला. आधी दिला, मग वाचलं.

एल्फिन्स्टन रोड स्टेशनला २०१७मध्ये चेंगराचेंगरीत माणसं मेली, त्यानंतर २०१८ला तिथे लष्कराने पादचारी पूल बांधला, करी रोडला आणि आंबिवलीलाही. त्यावरून जाताना बोल्ट आवळणारा जवान कोणत्या पक्षाचा, असं कधी मनात आलं? आलं नाही, कारण ते तुम्हाला माहीतच नव्हतं. आता माझ्या भाच्याकडे अर्धा वॉर्ड ‘त्यांचा माणूस’ म्हणून बघतो. हे तुम्ही केलंत, बसल्या जागी.

पाण्याबद्दल लिहायचंय ना? लिहा. स्वतःच्या नावाने, फ्लॅट नंबर टाकून, स्वतःचा फोटो लावून. आणि त्याचा फोटो काढा आधी. अजून तिघांच्या डीपीला आहे.